मामांच्या 1,186 स्लाइड्स आणि न घेतलेला स्कॅनर

नौपाड्यातली मामांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि जागा रिकामी करायला नऊ आठवडे उरले, तेव्हा मामींचा फोन आला. "लोखंडी कपाटातला खालचा खण तुझा. मला त्यातलं कळत काही नाही आणि टाकवतही नाही."

खणात बिस्किटांचे सहा पत्र्याचे डबे, पिवळ्या खोक्यांची एक चळत, पन्नास-पन्नास स्लाइड्सची काही मॅगझिन (प्रोजेक्टरला लावायचे खाचांचे साचे), डांबरगोळ्यांचा वास आणि सगळ्यात मागे जुन्या चादरीत गुंडाळलेला प्रोजेक्टर. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. शनिवारची पाळी सुटली की पाठीवर सॅक आणि गळ्यात कॅमेरा. नाणेघाट, हरिश्चंद्रगड, लिंगाणा, येऊरचं जंगल, कासारवडवलीची भातखाचरं, सगळं त्यांनी स्लाइड फिल्मवर काढलं, म्हणजे उजेड आरपार सोडून पडद्यावर चित्र पाडता येतं अशा फिल्मवर. दिवाळीत हॉलच्या भिंतीवर चादर ताणून शो व्हायचा. 'पारदर्शिका' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला, तोही "पारदर्शिकेला बोट लावू नकोस" या वाक्यात.

मोजल्या. 1,186 भरल्या.

माझा बेत साधा होता: बरासा स्कॅनर घ्यायचा, दोन शनिवार-रविवार बसायचं, पेनड्राइव्ह मामींच्या हातात द्यायचा. प्रत्यक्षात नऊच्या नऊ आठवडे गेले आणि स्कॅनर घेतलाच नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "आमच्याकडेही स्लाइड्स आहेत, कुठला स्कॅनर घेऊ?" म्हणून हे सविस्तर लिहितोय. पहिला आठवडा मी यंत्रांची कोष्टकं वाचण्यात घालवला, तो चुकलाच. आधी डबे उघडायला हवे होते.

डब्यांत काय होतं

स्लाइडची चौकट सगळीकडे सारखीच, 50 मिलिमीटर बाय 50, आणि आत फिल्मचा 24 बाय 36 मिलिमीटरचा तुकडा. पण सारखेपणा इथेच संपतो. मामांच्या निम्म्याहून अधिक स्लाइड्स पुठ्ठ्याच्या चौकटीत होत्या. ठाण्याचे इतके पावसाळे खाऊन तो पुठ्ठा फुगला होता आणि कोपरे पिंजले होते. बाकीच्या प्लॅस्टिकच्या. 41 स्लाइड्स काचेच्या, म्हणजे फिल्म दोन काचांमध्ये दाबून बसवलेल्या. त्यांच्यावर मामांचा विशेष जीव असावा, कारण त्या वेगळ्या डब्यात कापसात ठेवलेल्या होत्या.

फिल्मचेही प्रकार तीन. बहुतेक पूर्व जर्मनीची ओर्वोक्रोम यूटी 18, जी त्या काळी आपल्याकडे हमखास मिळायची. ती वेगाने फार मंद, म्हणजे तिला उजेड जास्त लागायचा, आजच्या हिशेबात आयएसओ 50, त्यामुळे मामा ट्रायपॉड घेतल्याशिवाय कधी निघत नसत. तिचे रंग बऱ्याच ठिकाणी उतरून लालसर झाले होते. थोड्या कोडॅकच्या एक्टाक्रोम. आणि कुणीतरी परदेशातून आणून दिलेली कोडॅकचीच कोडाक्रोम, जिचे रंग अंधारात ठेवल्या कारणाने आजही टवटवीत होते. कोडाक्रोम ओळखायची सोपी खूण आहे: स्लाइड उजेडात तिरकी धरली की मंद, म्हणजे चकाकी नसलेल्या बाजूवर चित्राचे उंचवटे दिसतात, नाण्यावर असतात तसे. ही ओळख पुढे फार कामी आली.

एका पिवळ्या खोक्यात कोडाक्रोमचा न धुतलेला रोलही निघाला. त्या फिल्मचं उत्पादन 2009 साली थांबलं आणि ती धुणारी अमेरिकेतली शेवटची लॅब 2010 च्या डिसेंबरअखेर बंद झाली. आता त्यातून निघालं तर कृष्णधवल चित्र निघेल, रंग नाही. मामींनी तो रोल देवघराच्या खणात ठेवला. मी काही बोललो नाही.

बुरशीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. साधारण दर पाचवी-सहावी स्लाइड बुरशीची. काहींवर नुसते ठिपके, काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. मी मऊ फडकं ओलं करून पुसायलाच बसलो होतो. फोर्टातल्या एका जुन्या फोटोवाल्याला सहज फोन केला म्हणून वाचलो. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशी तेच जिलेटिन खाते. खाल्लेला भाग पाण्यात विरघळू लागतो. ओलं फडकं लावलं असतं तर बुरशीबरोबर लिंगाणाही पुसून गेला असता. त्याने सांगितलं तसं केलं: आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, आणि अगदी गरज असेल तिथेच फिल्म क्लीनर, तोही आधी टाकाऊ स्लाइडवर करून पाहून.

एसटीची पाटी

आता यंत्रं. पारख करायला मी एकच स्लाइड निवडली. माळशेज घाटात लाल एसटी थांबलीय, पुढच्या काचेच्या वर पाटी आहे, आणि भिंगातून पाहिलं की पाटीवर 'कल्याण–आळेफाटा' स्वच्छ वाचता येतं. बसच्या खाली, चाकामागे गडद सावली, त्यात कंडक्टर बसलाय. यंत्राला पाटी वाचता आली पाहिजे आणि सावलीतला कंडक्टर दिसला पाहिजे. दोन प्रश्नांची परीक्षा, बस.

पाटीचा प्रश्न डीपीआयचा आहे, म्हणजे यंत्र एका इंचात किती ठिपके टिपतं त्याचा. 36 मिलिमीटर रुंदीवर 4,000 डीपीआय म्हणजे जेमतेम 5,670 पिक्सेल, पूर्ण चित्र सुमारे 21 मेगापिक्सेल. 35 मिलिमीटरच्या हौशी छायाचित्राला एवढं भरपूर होतं. 7,200 डीपीआयला तेच चित्र 69 मेगापिक्सेल होतं आणि 16 बिटची एकेक फाइल 400 एमबीच्या पुढे जाते, पण फिल्मच्या दाण्यापलीकडे नवीन काही हाती लागत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा हा सेन्सर किती पावलं टाकतो त्याचा असतो. भिंगाला त्यातलं किती दिसतं हे वेगळंच.

कंडक्टरचा प्रश्न घनतेचा, म्हणजे डेन्सिटीचा. कागदावरच्या फोटोतला काळा साधारण शंभरातला एक भाग उजेड परत पाठवतो. स्लाइडचा गडद काळा चार हजारांतला एखादाच भाग उजेड आरपार सोडतो. कागदासाठी बनवलेल्या यंत्राला त्या अंधारात काही दिसत नाही, ते नुसता खरखरीत काळा गोळा देतं.

सगळ्यात आधी ऑफिसातल्या एकाकडचं तळहाताएवढं यंत्र आणलं. स्लाइड सरकवा, बटण दाबा, झालं. पाच सेकंदांत चित्र येतं, पण कडा कापलेल्या, आकाश पांढराफट्ट आणि कंडक्टर गायब. ते त्याच संध्याकाळी परत दिलं.

डोंबिवलीच्या मित्राकडे झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर होता. त्याच्या खोक्यावर 6,400 डीपीआय. एका वेळी चार स्लाइड्स बसतात, चित्र रंगाला बरं आलं, कंडक्टर अंधुक दिसला. पाटी मात्र वाचता येईना; तिथे फक्त पांढरा पट्टा होता. माझ्या अंदाजाने खऱ्या तपशिलाचे 1,600 च्या आसपास डीपीआय हाती आले असावेत. मोबाइलवर पाठवायला आणि छोट्या प्रिंटला तेवढे पुरतात, हेही खरं. फक्त फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर मी आजही फ्लॅटबेडच घ्या म्हणेन. तो पुढे कागदपत्रांनाही उपयोगी पडतो.

मग त्याच मित्राच्या ओळखीने खास फिल्मसाठीचा स्कॅनर पंधरा दिवसांसाठी मिळाला. खोक्यावर 7,200, मी 3,600 ला चालवला. पाटी वाचता आली! कंडक्टरच्या हातातली तिकिटांची पेटीसुद्धा दिसली. याला आणखी एक डोळा असतो, इन्फ्रारेडचा. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, पण धूळ आणि ओरखडे नसतात. त्यामुळे कचरा नेमका कुठे आहे हे यंत्राला कळतं आणि तो भाग आजूबाजूच्या रंगाने भरून काढता येतो. ओर्वोच्या ठिपकेदार स्लाइड्स त्यातून अशा निघाल्या की मामींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोडाक्रोमवर मात्र ही जादू चालत नाही, तिचा एक रंग इन्फ्रारेडलाही अडवतो. यंत्र मग चित्रालाच कचरा समजून धारदार कडा खाऊन टाकतं. चांदीवरच्या खऱ्या कृष्णधवल फिल्मचंही तेच. उंचवट्यांची खूण इथे उपयोगी पडली: आधी कोडाक्रोम बाजूला काढायच्या, मगच इन्फ्रारेड सुरू करायचं.

मी जवळजवळ असाच नवा स्कॅनर मागवायच्या बेतात होतो. मुलाने पेन घेऊन हिशेब मांडला. स्लाइड झटकणं, धारकात बसवणं, इन्फ्रारेडसकट स्कॅन, पुढची सरकवणं, सगळं मिळून मला एका स्लाइडला पाच मिनिटं लागत होती. 1,186 गुणिले पाच म्हणजे जवळपास 99 तास. कामावरून लोकलने घरी येऊन रोज दीड तास बसलो तर 66 संध्याकाळी.

"बाबा, नऊ आठवड्यांचे दिवस होतात त्रेसष्ट."

निकॉनचा कूलस्कॅन 5000 हे जुन्या जाणत्यांचं आवडतं यंत्र. त्याला पन्नास स्लाइड्स आपोआप ओढणारा फीडर जोडता येत असे. पण त्याचं उत्पादन बंद होऊन दीड दशक उलटलं आहे. सेकंडहँड मिळतो त्याच्या आतल्या आरशावर धूळ आणि दमट हवेची साय बसलेली असते. ती काढायला माणूस मिळत नाही, आणि फुगलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी त्या फीडरमध्ये अडकतात ही जुनी तक्रार आहे. एका लॅबलाही विचारलं. त्यांची अट होती की स्लाइड्स निवडून, झटकून, क्रमाने लावून द्या. ते सगळं केल्यावर उरतं काय? शिवाय सगळे डबे एकदम घराबाहेर पाठवायला मामी तयार नव्हत्या, आणि ते मला पटलं.

चादरीतला प्रोजेक्टर

उपाय त्याच खणात होता. प्रोजेक्टर तरी दुसरं काय करतो? पन्नास स्लाइड्सचं मॅगझिन घेतो आणि एकेक स्लाइड नेमकी एकाच जागी आणून उभी करतो. समोर पडद्याऐवजी कॅमेरा ठेवला की झालं. ही युक्ती माझी नाही, जगभरचे हौशी लोक करतात. पण मामांचाच प्रोजेक्टर त्यांच्या स्लाइड्स ओढणार, हे मला आवडलं.

मुलाकडे 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा. त्याचे 6,000 पिक्सेल स्लाइडच्या 36 मिलिमीटरवर पसरले की सुमारे 4,200 डीपीआय पडतात. कडेला थोडी जागा सोडून 4,000 धरा. हवी होती फक्त मॅक्रो लेन्स, अगदी लहान वस्तू जवळून टिपणारी. 60 मिलिमीटरची आणून पाहिली, तर तिचं नाक प्रोजेक्टरच्या नळीत शिरेना. मग 100 मिलिमीटरची भाड्याने आणली, तिला लांबून काम करता येतं.

प्रोजेक्टरची लेन्स काढली, आतली कंडेन्सरची, म्हणजे दिव्याचा उजेड एकवटणारी भिंगं काढली, 24 व्होल्टचा हॅलोजन दिवा काढून ठेवला. त्याच्या जागी मोबाइलच्या चार्जरवर चालणारं एलईडी पॅनेल आणि त्यापुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, जो पाट्या बनवणाऱ्याकडे कापून मिळाला. पहिलं पॅनेल घरातल्या इमर्जन्सी दिव्याचं होतं. त्यात मामींचा चेहरा हिरवट आला आणि त्यांनी "मी काय आजारी होते का?" असं विचारलं. दिव्याच्या रंगाचा खरेपणा सीआरआयने मोजतात. 95 च्या वरचं पॅनेल आणल्यावर चेहरा पूर्वपदावर आला.

तरी पाटी पुसटच. अर्धा दिवस फोकसशी झुंजलो. दोष फोकसचा नव्हताच, प्रोजेक्टरच्या पंख्याचा होता. दिवा थंड ठेवायला तो फिरतो आणि सगळं टेबल बारीक थरथरतं. आता गरम दिवाच नाही तर पंखा कशाला? वायरमनकडून त्याची जोडणी सोडवून घेतली. कॅमेरा आयएसओ 100, एफ 8, शटरला दोन सेकंदांचा उशीर. 'कल्याण–आळेफाटा' स्वच्छ आलं.

एक मॅगझिन बारा मिनिटांत होऊ लागलं. वेळ खाल्ला तो झटकण्याने. मुलगा आणि मी शूटिंगला, बायको आणि मामेबहीण फुगा-ब्रश घेऊन. शंभर-सव्वाशे फुगलेल्या चौकटी अडकल्याच, त्या हाताने गेटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उभी राहते त्या जागी धरून काढल्या.

निवड मामींनी केली. मी गड बाजूला काढत होतो, त्या माणसं. चार दुपारी खिडकीशी बसून त्यांनी 263 स्लाइड्स वगळल्या: हललेल्या, दुबार, कोऱ्या. "हरिश्चंद्रगड तिथेच आहे, जाऊन काढ पुन्हा. ही बाई नाहीये आता," असं म्हणत चाळीतल्या कुणा शेजारणीची धुरकट स्लाइड त्यांनी ठेवून घेतली. उरल्या 923. त्यातल्या काचेच्या 41 सोडून 882 प्रोजेक्टरवर गेल्या.

पदर उजव्या खांद्यावर

पहिल्या रविवारी तीनशे स्लाइड्स उरकल्या आणि मी खुशीत टीव्हीवर दाखवायला बसलो. डोंगर, डोंगर, ढग, धबधबा. मग तलावपाळीच्या काठावर मामी, तरुण, हातात मक्याचं कणीस. मामी लगेच म्हणाल्या, "अरे, माझा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

सगळी तीनशे चित्रं आरशातली होती. शोच्या वेळी स्लाइड उलटी घालतात, कारण पडद्यावर ती पुन्हा उलटते. मी तीच मॅगझिन तशीच घेतली आणि कॅमेरा बसवताना फिल्मची चकचकीत बाजू कुठली, मंद कुठली हे बघितलंच नाही. डोंगराला डावं-उजवं नसतं, कळणार कसं? सुदैवाने एका आदेशात सगळ्या फाइली डाव्या-उजव्या उलटवता आल्या. पण काही स्लाइड्स मामांनी मुळातच चौकटीत उलट बसवल्या होत्या, त्या आता नव्याने उलट झाल्या. त्या शोधायला पाट्या, घड्याळं आणि पदर हीच साधनं. मामींची नजर माझ्यापेक्षा तेज निघाली.

इन्फ्रारेडवाला स्कॅनर अजून आठवडाभर हाताशी होता. कॅमेऱ्याला धूळ काढता येत नाही, म्हणून फार ठिपकेदार पण मोलाच्या अशा 74 रंगीत स्लाइड्स त्यावर पुन्हा केल्या. सहा-सात तासांत आटोपल्या. एवढ्यासाठी तो विकत घ्यायची गरज नव्हती.

चौकटीवरची पेन्सिल

तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की आपण अर्धी गोष्ट टाकून देतोय. मामांनी जवळपास प्रत्येक चौकटीवर बारीक पेन्सिलने लिहिलं होतं: "नाणेघाट, पहाट, एफ 5.6, 1/60", "कळव्याचा पूल, भरती", "हिला न सांगता काढला". कुठलाही फिल्म स्कॅनर आतली फिल्म बघतो, चौकट बघत नाही. प्रोजेक्टरलाही ती दिसत नाही.

इथे कामाला आला मामींच्याच घरातला साधा प्रिंटर, नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. त्याच्या ए4 काचेवर चार बाय पाच, वीस स्लाइड्स पालथ्या मावतात. 300 डीपीआयला अक्षर स्वच्छ येतं. वगळलेल्यांसकट सगळ्या 1,186 स्लाइड्सची अशी 60 पानं झाली. फाइलींना पान आणि जागेनुसार नंबर दिले, म्हणजे 17-04 ही फाइल सतराव्या पानावरची चौथी चौकट. तारखाही यावरूनच लागल्या. नाहीतर कॅमेरा सगळ्यांना या वर्षीच्या मे-जूनची तारीख देतो आणि मोबाइलच्या गॅलरीत मामींचं लग्न आणि नातवाचा वाढदिवस एकाच महिन्यात दिसतात. एक्झिफटूल या फोटोंच्या फाइलींतली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रामने त्या एकगठ्ठा बदलल्या. जिथे नुसतं साल होतं तिथे एक जानेवारी टाकली आणि नावात 'अंदाजे' लिहिलं.

कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली सगळ्या मिळून 25 जीबीच्या आसपास आहेत. दोन हार्ड डिस्क ठाण्यात, एक मामेभावाकडे पुण्यात. ओर्वोचे रंग मी अजून सुधारतोय, फोटो सुधारायच्या प्रोग्राममधला लाल रंगाचा वक्र थोडा खाली ओढला की आकाश परत येतं. पण सगळं दुरुस्त करत बसलो तर ही संध्याकाळची लालसर हवा होती की फिल्मचं म्हातारपण हेच कळेनासं होतं, म्हणून मूळ फाइल तशीच ठेवतो.

काचेच्या 41 राहिल्यात. काच आणि फिल्म चिकटते तिथे इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात, न्यूटनची वलयं, ती कॅमेऱ्यात फार ठळक येतात. फिल्म बाहेर काढून नव्या चौकटीत घालायला हवी, आणि तीनेक स्लाइड्समध्ये बुरशीने फिल्म काचेला चिकटवलीय. पावसाळ्यात त्यांना हात लावणार नाही. डबे आता मामींच्या खारेगावच्या भाड्याच्या घरात आहेत, डांबरगोळ्या काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या घातल्यात.

मामी टीव्हीवर स्लाइड्स क्वचितच बघतात. त्यांनी ती 60 पानं छापून घेतली आणि स्पायरल बाइंडिंग करून आणलं. परवा गेलो तेव्हा पान 38 उघडं होतं. मला म्हणाल्या, "हे बघ, 'लिंगाणा'तला णा त्यांना शेवटपर्यंत नीट काढता आला नाही."